मे महिन्यात शिमला: आजी-आजोबा, नातवंडं आणि देवदारातली एक जत्रा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझं उत्तर कशाला आहे ते वाचणाऱ्यालाही कळेल. डोंबिवलीहून तुम्ही सहा जण निघणार: तुम्ही दोघं, सत्तरी ओलांडलेले आई-वडील, १२ वर्षांची मुलगी आणि ७ वर्षांचा मुलगा. आईंचे गुडघे दुखतात. मुलांचा निकाल १ मेला लागतो, त्यानंतर सात-आठ दिवस हाताशी आहेत. एका सहलवाल्याने शिमला-कुलू-मनाली-चंदीगड असा कार्यक्रम दिला आहे. तुमची इच्छा मात्र अशी की मुलांनी नुसते पॉइंट बघून येऊ नये, तिथल्या माणसांचा एखादा सण किंवा जत्रा त्यांना बघायला मिळावी.

मनाली काढून टाका. पाच रात्री शिमल्यातच राहा, आणि निकाल लागला की लगेच न निघता ९ मेच्या आसपास मुंबई सोडा. कुटुंबांच्या सहली आखणं आणि स्वतः सोबत जाणं हेच माझं काम आहे, आणि तीन पिढ्या एकत्र निघतात तेव्हा मी हाच सल्ला देते.

तारखेचं आधी सांगते, कारण सगळा डाव तिथेच आहे. आपल्या राज्य मंडळाच्या शाळांना १ मेनंतर सुट्टी लागते. दिल्लीतल्या शाळा त्यानंतर, साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास बंद होतात आणि पंजाब-हरियाणाच्या आणखी उशिरा. म्हणजे मेचा पहिला पंधरवडा मुंबईकरांना जवळजवळ आंदण मिळाल्यासारखा असतो. हवा तीच, देवदार तेच, पण मॉलवर, म्हणजे तिथल्या मुख्य बाजाररस्त्यावर, चालायला जागा असते, हॉटेलवाला दोन वाक्यं बोलायला मोकळा असतो आणि गाडी ढल्लीच्या बोगद्यापाशी तासभर खोळंबत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जून संपेपर्यंत तेच शहर श्वास घ्यायला जागा शोधत असतं. पाण्याचीही ओढाताण होते. २०१८ च्या मे-जूनमध्ये तर नळाला कित्येक दिवस पाणी नव्हतं आणि तिथल्या लोकांनीच पर्यटकांना येऊ नका असं सांगितलं होतं.

आता जत्रा. शिमल्याचा प्रसिद्ध समर फेस्टिव्हल रिजवर, म्हणजे धारेवरच्या मोठ्या मोकळ्या चौकात, भरतो. गाण्यांचे कार्यक्रम, फुलांचं प्रदर्शन, मुलांच्या स्पर्धा असा थाट असतो. पण तो बहुधा जूनच्या सुरुवातीला येतो, नेमका गर्दीच्या तोंडावर. आजी-आजोबांना घेऊन त्याच्या मागे लागू नका. तुम्हाला हवी आहे ती जत्रा शिमल्याजवळच्या मशोब्र्याच्या खाली सीपूरला भरते. सीप नावाच्या स्थानिक देवाची ही जत्रा ज्येष्ठाच्या पहिल्या दिवशी असते. आपला ज्येष्ठ अमावास्येनंतर सुरू होतो, म्हणून दरवर्षी पुढे-मागे सरकतो. हिमाचलात महिना सूर्याच्या संक्रांतीपासून मोजतात. त्यामुळे तिथला ज्येष्ठ दरवर्षी १४ किंवा १५ मेलाच लागतो आणि जत्राही त्याच सुमारास येते. शांत पंधरवड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला! ९ मेला निघण्याचा आग्रह त्यासाठीच. हॉटेल नक्की करतानाच मालकाला विचारा, 'सीपी मेला यंदा किस तारीख को है?' मशोब्र्यातल्या कुठल्याही दुकानदारालाही ते ठाऊक असतं.

मशोब्रा शिमल्यापासून १२-१३ किलोमीटर. तिथून खाली उतरलं की देवदारांच्या दाट राईत एक मोकळं मैदान आहे आणि कडेला लाकडी बांधणीचं देऊळ. जत्रेच्या दिवशी सकाळीच आजूबाजूच्या गावांतून माणसं यायला लागतात. पुरुषांच्या डोक्यावर हिरवी किंवा तांबडी पट्टी असलेली टोपी, बायकांच्या डोक्यावर धाटू म्हणजे मागे गाठ मारलेला रंगीत रुमाल. ढोल आणि करनाळ म्हणजे लांब कर्णे वाजायला लागले की मुलं आपोआप आवाजाच्या दिशेने ओढली जातात. गरम जिलबी, बांगड्या, प्लास्टिकची खेळणी, पाळणे हे सगळं आपल्या गावजत्रेसारखंच. वेगळी आहे ती वरची हिरवी सावली. हे देवदार देवाचे मानतात, कुणी फांदी तोडत नाही. परतताना माणसं राईच्या कडेला थांबून कपडे झटकतात, देवाच्या झाडाची सुईएवढी पानंसुद्धा चुकून आपल्याबरोबर जाऊ नयेत म्हणून. आमच्या गटातल्या एका आजींनी हे पाहिलं आणि कुणी काही सांगायच्या आत नऊवारीचा काष्टा दोन्ही हातांनी झटकला. शेजारची पहाडी बाई हसली, तिने आजींच्या खांद्यावरचं एक राहिलेलं पान काढून खाली टाकलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तुमच्या मुलांना दाखवायचं ते हे.

जत्रेत जाताना चार गोष्टी पाळा. देवळात चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवा. पालखीच्या फार जवळ जाऊन फोन उगारू नका, आधी खुणेने विचारा, बहुतेक वेळा हो म्हणतात. दुपारी बारापर्यंत पोचा आणि चारच्या आत निघा, कारण नंतर खालच्या अरुंद रस्त्यावर गाड्या अडकतात. आईंसाठी घडीची छोटी खुर्ची न्या. मैदानाला उतार आहे, बसायला दगडच मिळतात.

ही जत्रा जुनी आहे. इंग्रजांच्या काळात शिमल्याचे साहेबलोक घोड्यांवरून ती बघायला जात आणि त्या वेळच्या छायाचित्रांतही ती दिसते. मनालीलाही नेमक्या याच दिवसांत हिडिंबेची ढुंगरी जत्रा असते, म्हणून तुमचा सहलवाला 'मग मनालीच करू' म्हणेल. शिमला ते मनाली हा रस्ता साधारण २५० किलोमीटरचा, डोंगरातला, सात-आठ तासांचा. जाऊन-येऊन दोन दिवस गाडीत जातात. गुडघे दुखणाऱ्या बाईला आठ तास पाय दुमडून बसवणं हा अन्याय आहे, आणि ७ वर्षांच्या मुलाला त्या दोन दिवसांतली उलटी सोडून दुसरं काही आठवत नाही.

हॉटेलवर मी सर्वात जास्त वेळ घालवते, तुम्हीही घालवा. शिमला डोंगराच्या धारेवर वसलंय. वर रिज आणि मॉल, खाली कार्ट रोड, आणि या दोहोंमध्ये शेकडो पायऱ्या. मॉलवर आणि रिजवर खासगी गाड्यांना बंदी आहे. म्हणजे 'मॉलजवळ, पाच मिनिटांवर' असं लिहिलेलं हॉटेल प्रत्यक्षात ऐंशी पायऱ्या खाली असू शकतं आणि गाडी त्याच्या दारापर्यंत जाईलच असं नाही. फोनवर तारे, नाश्ता, डोंगराचा देखावा हे विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा. गाडीतून उतरल्यावर खोलीच्या दारापर्यंत किती पायऱ्या? आणि खोलीपासून पर्यटन विभागाच्या लिफ्टपर्यंत किती पायऱ्या? ही लिफ्ट कार्ट रोडवरून दोन टप्प्यांत मॉलवर नेते, नाममात्र तिकीट असतं. ज्येष्ठांसाठी ती वरदान आहे. 'ज़्यादा नहीं है जी' हे उत्तर चालवून घेऊ नका, आकडा मागा. आकडा तीसच्या वर गेला तर दुसरं हॉटेल बघा. मी स्वतः लिफ्टच्या आसपास, कार्ट रोडच्या पातळीवरचं हॉटेल निवडते. देखावा थोडा कमी मिळतो, पण आजी दिवसातून दोनदा मॉलवर जाऊ शकतात. देखाव्याच्या खोलीत अडकून पडलेली आजी मला बघवत नाही.

सामान उचलायला तिथे पाठीवर दोरी घेतलेले हमाल भेटतात. त्यांतले बरेच काश्मीरकडून आलेले असतात. एकेक जण दोन मोठ्या बॅगा पाठीवर घेऊन सरळ चढतो. पैसे आधी ठरवा, पण घासाघीस करू नका. पायी फिरायच्या भागातही परिवहन महामंडळाच्या छोट्या टॅक्सी ठरावीक मार्गांवर चालतात, त्यांत ज्येष्ठांना बसवता येतं. हॉटेलवाल्याला थांबा कुठे आहे ते विचारून घ्या.

जाण्याआधी, मार्च-एप्रिलमध्ये, एक शनिवार-रविवार माथेरानला जाऊन या. हे मी सगळ्या तीन पिढ्यांच्या कुटुंबांना सांगते. माथेरानलाही गाड्या नाहीत, बहुतेक सगळं चालत. दस्तुरीपासून बाजारापर्यंतची लाल मातीची वाट आईंना किती झेपते, बाबा किती वेळाने टेकतात, धाकटा कितव्या मिनिटाला 'उचलून घे' म्हणतो हे सगळं दोन दिवसांत कळतं. शिमल्याचा दिवस मग त्या मापाने आखा. नेरळची छोटी गाडी १९०७ पासून धावते, कालका-शिमल्याची १९०३ पासून. मुलांना आधी आपली दाखवा, मग त्यांची. बारीक रूळ, वळणं, हळूहळू खाली जाणारी दरी हे ओळखीचं झालं की ती पुढच्या गाडीत प्रश्न विचारायला लागतात.

आता प्रवास. मुंबईहून राजधानीने निघालात तर सकाळी दिल्लीत पोचता, पण तोवर सकाळची कालका शताब्दी सुटून गेलेली असते. संध्याकाळच्या शताब्दीपर्यंत मेच्या दिल्लीत, ४० अंशांच्या वर, सहा जणांनी दिवस काढायचा. आई-बाबांसाठी मी हे टाळते. पैशांचं जमत असेल तर मुंबई-चंदीगड विमान, दुपारी विश्रांती, संध्याकाळी पिंजोरची मुघल बाग आणि रात्री तिथेच मुक्काम. बागेत पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे कारंजे आहेत, मुलं खूश होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गाडीने शिमला, मध्ये सोलनला थांबून साडेतीन-चार तास. रेल्वेनेच जायचं असेल तर संध्याकाळच्या शताब्दीने कालका गाठा, रात्री तिथेच किंवा शेजारच्या परवाणूला झोपा. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. ९ मेच्या गाडीचं १० मार्चला सकाळी ८ वाजता. त्या दिवशी शिमगा-रंगपंचमीच्या नादात विसरू नका.

घाट लागणाऱ्यांसाठी: सकाळी दूध देऊ नका, कोरडं खायला द्या, धाकट्याला पुढच्या सीटमागे मधोमध बसवा म्हणजे त्याला रस्ता दिसेल, आणि गाडीत फोन बंद. डब्यात आलेपाक ठेवा. औषध द्यायचंच असेल तर तुमच्या मुलांच्या डॉक्टरांना विचारूनच, निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी.

छोट्या गाडीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. सगळे कालक्याहून वर चढताना बसतात. ९६ किलोमीटर, पाच-साडेपाच तास, १०२ बोगदे. पहिले दोन तास सगळे खिडकीत, नंतर मुलं कंटाळतात आणि आजोबांची कंबर धरते. मी वर जाताना मोटार घेते आणि परतीच्या दिवशी शिमल्याहून खाली धरमपूरपर्यंतच रेल्वेने येते. सामान टॅक्सीत टाकून ड्रायव्हरला धरमपूर स्टेशनवर पुढे पाठवायचं. साधारण तीन-साडेतीन तासांत वाटेवरचं सगळं उत्तम बघून होतं. कनोहपाशी चार मजली कमानींचा दगडी पूल येतो. तो उजवीकडे की डावीकडे ते गार्ड सांगतो, मुलांना आधीच खिडकीशी बसवा. बडोगला गाडी थांबते, तिथे कटलेट आणि चहा घ्यायचा. आणि स्टेशन सुटल्या सुटल्या ११०० मीटरहून लांब, ३३ क्रमांकाचा बोगदा लागतो, मार्गावरचा सर्वात मोठा. अंधारात मुलं ओरडतात, ओरडू द्या, सगळा डबाच ओरडतो. या बोगद्याची दिशा शोधायला भलकू नावाच्या पहाडी माणसाने काठीने डोंगर ठोकत मदत केली अशी तिथली आठवण आहे, आणि शिमल्यातलं रेल्वेचं संग्रहालय त्याच्याच नावाचं आहे. २००८ मध्ये या मार्गाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तुम्ही निवडलेली गाडी धरमपूरला थांबते का ते तिकीट काढताना बघा, सगळ्या थांबत नाहीत.

शिमल्यात पोचाल तो दिवस फक्त विश्रांतीचा. उंची साधारण २२०० मीटर आहे. विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही, पण मुंबईच्या सपाटीवरून आलेल्या माणसाला पहिल्या चढाला धाप लागते. संध्याकाळी लिफ्टने वर, रिजवर बसा, बस्स.

रिजवर काय बघायचं असं मला विचारतात. बसायचं! पाच-साडेपाचनंतर गावातलीच माणसं फेरफटका मारायला येतात. आजोबा नातवाला घोड्यावर बसवून लगाम धरून चालतात, कॉलेजातल्या मुली घोळक्याने कठड्यावर टेकतात, कुणीतरी फुगे घेऊन फिरत असतो. मुलीला एक गोष्ट तिथे सांगा. ती ज्या धारेवर उभी आहे ती भारताची पाणी वाटणारी धार आहे. एका बाजूला पडलेला पाऊस सतलजला मिळून अरबी समुद्राकडे, म्हणजे आपल्या मुंबईच्या समुद्राकडे जातो. दुसऱ्या बाजूचा यमुना-गंगेतून बंगालच्या उपसागरात. पायाखालीही पाणी आहे, रिजच्या पोटात इंग्रजांनी बांधलेली प्रचंड टाकी आहे आणि आजही शहराचं पाणी त्यात साठतं. १२ वर्षांच्या मुलीला भूगोलाचं पुस्तक जे देऊ शकत नाही ते इथे दोन मिनिटांत मिळतं.

समोर पिवळसर दिसतं ते क्राइस्ट चर्च, १८५७ चं. आत वेदीच्या खिडकीभोवतीचं चित्रकाम जॉन लॉकवुड किपलिंग यांच्या आराखड्यावरून केलेलं. हेच किपलिंग आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत होते, आणि क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे फुले मंडईच्या, दारावरच्या शेतकऱ्यांच्या शिल्पपट्ट्याही त्यांच्याच. तुम्ही जाण्याआधी आंबे घ्यायला मंडईत जालच, मुलांना मान वर करून त्या पट्ट्या बघायला लावा. मग शिमल्यात पुन्हा तोच हात दिसल्यावर त्यांना मिळणारा आनंद बघा. आणि हो, अर्धवट पिकलेल्या हापूसची छोटी पेटी जरूर न्या, हॉटेलवाल्याला किंवा ड्रायव्हरच्या घरी द्यायला. तिथे हापूस फारसा मिळत नाही, आणि त्या पेटीने उघडलेली दारं मी पाहिली आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाखू. हनुमानाचं देऊळ साधारण २४५० मीटरवर, शेजारी १०८ फुटी मूर्ती. आईंना घेऊन पायवाटेने चढू नका, रिजजवळून रोपवे आहे. माकडांबद्दल सगळे सांगतात, तरी प्रत्येक वेळी कुणाचा तरी चष्मा जातोच. ती चष्माच का पळवतात? चष्म्याच्या बदल्यात प्रसादाची पुडी मिळते हे ती शिकली आहेत. रोपवेतून उतरण्याआधीच चष्मे खिशात, खिशाची चेन बंद, हातात खाण्याची पिशवी नको. ज्यांना चष्म्याशिवाय पायरीच दिसत नाही त्यांनी डोक्यामागे दोरी बांधावी आणि एका हाताने दांडी धरून चालावं. धाकट्याला माकडाच्या डोळ्यांत बघू नकोस असं आधीच बजावा.

जाखूहून उतरलात की लक्कड बाजार. होशियारपूरकडच्या सुतारांनी वसवलेला हा बाजार. काठ्या, पोळपाट-लाटणी, भोवरे, बारीक खेळणी. आता बरंच सामान बाहेरून येतं, पण एखाद्या दुकानात मागे सुतार काम करताना दिसतो. तिथे थांबा. बाबांसाठी तिथलीच काठी घ्या आणि पुढचे चार दिवस तीच वापरा. त्याच रस्त्याजवळ इंदिरा गांधी मेडिकल कॉलेजचं मोठं सरकारी रुग्णालय आहे. ज्येष्ठांसोबत असताना हे डोक्यात असू द्या.

व्हाइसरॉयचा वाडा, म्हणजे आजचं उच्च अध्ययन संस्थान, अर्ध्या दिवसाचं आहे. १८८८ ची इमारत, हेन्री अर्विनने आखलेली. मॉलवरचं गेइटी थिएटरही त्याचंच, १८८७ चं. १९४५ ची सिमला परिषद या वाड्यात झाली. आतल्या फेरीत मुलं कंटाळतील की काय अशी भीती वाटते, पण बागेत सोडलीत तर ती तासभर येणार नाहीत. सोमवारी बंद असतं. गेइटीच्या दाराशी त्या आठवड्याचे कार्यक्रम लावलेले असतात. स्थानिक मंडळींचं हिंदी किंवा पहाडी नाटक मिळालं तर तिकीट काढाच. मराठी माणसाने नाटकाचं इतकं देखणं छोटं घर बघितल्याशिवाय परतू नये. रिजच्या खाली पदमदेव संकुलात हातमागाची, बचत गटांची प्रदर्शनं भरतात, संध्याकाळी डोकावून या.

कुफ्री सोडा. घोड्यांची लीद, धूळ आणि फोटोसाठी याकवर बसवणारे लोक, याहून फार काही हाती लागत नाही. त्या वेळात नालदेहऱ्याला जा. लॉर्ड कर्झनला ती जागा इतकी आवडली की मुलीच्या नावात त्याने ती घातली. तिथे देवदाराखाली सतरंजी टाकून डबा खाता येतो.

एक दिवस नारकंडा, साधारण ६५ किलोमीटर. सफरचंदाचा बहर एप्रिलमध्ये संपलेला असतो, मेमध्ये फांद्यांवर सुपारीएवढी हिरवी फळं दिसतात आणि गारपीट अडवायला बागांवर टाकलेल्या जाळ्या. १९१६ च्या सुमारास सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन माणसाने कोटगढला सफरचंदाची नवी जात लावली आणि या सगळ्या पट्ट्याचं नशीब पालटलं. बागवानाला विचारलंत तर तो हौसेने आत नेतो. हाटू शिखरावर, ३४०० मीटरवर, गाडी जाते, पण रस्ता एकेरी आणि उभा आहे. आई-बाबांना खाली नारकंड्याला चहाच्या टपरीवर बसवून तुम्ही चौघं जा. शनिवार-रविवारी चंदीगडची गर्दी शिमल्यात शिरते, म्हणून बाहेरचे दिवस शनिवारी-रविवारी ठेवा आणि शहरातली फिरती सोमवारनंतर. उच्च अध्ययन संस्थानाची सुट्टी तेवढी सांभाळा. रविवारी संकटमोचन या हनुमानाच्या देवळात लंगर असतो, साधा वरण-भात. आई-बाबांना मनापासून आवडतो.

खाण्यात सिड्डू सोडू नका. आंबवलेल्या कणकेचा, आत अक्रोड-खसखस भरलेला, वाफवलेला गोळा, वर तुपाची धार. रोजच्या आलू पराठ्याने आजी-आजोबांचं पोट बिघडतं, हॉटेलला रात्री मूगाची खिचडी सांगून ठेवा आणि मेतकूट, लिंबाचं लोणचं घरून न्या. रस्त्याकडेला कागदाच्या पुडीत लाल-जांभळी काफळं मिळतील, करवंदांच्या मोसमातलंच तिकडचं रानफळ. धुऊन, मीठ लावून मुलांना द्या.

कपडे: दिवसा २३-२४ अंश, रात्री १४-१५. एक स्वेटर, एक वारा न जाऊ देणारं जाकीट पुरे. दुपारनंतर अचानक ढग येतात, कधी गारा पडतात, म्हणून छत्री रोज पिशवीत. नवे बूट अजिबात नकोत. प्लास्टिकच्या पिशव्यांवर हिमाचलात २००९ पासून बंदी आहे, कापडी न्या. आंघोळीला बादली वापरा, शॉवर नको. आपण पाहुणे पाच दिवसांचे, पाणी गावाचं.

दिवसांची मांडणी शेवटी अशी करा: ९ मेला मुंबई सोडून पिंजोर, १० ला दुपारपर्यंत शिमला, ११ ते १३ आईंच्या गुडघ्यांच्या आणि वारांच्या हिशोबाने शहर व नारकंडा, जत्रेचा दिवस (१४ किंवा १५) पूर्ण मोकळा, दुसऱ्या दिवशी सकाळी छोट्या गाडीने धरमपूर आणि तिथून चंदीगड. जत्रा १५ ला आली तर शिमल्यात एक रात्र वाढेल, म्हणून परतीचं विमान तारीख पक्की कळल्यावरच काढा. हॉटेल नक्की केलंत की पायऱ्यांचा आकडा मला कळवा, मी नकाशावर लिफ्टपासूनचं अंतर बघून सांगते.